डावीकडची पावलं

"ह्याची एक बाजू बंद हाय," आबा म्हणाले आणि डोक्यावरचा हेडसेट काढून त्यांनी काचेच्या काउंटरवर ठेवला, बाजारात किडकं वांगं बाजूला सारावं तसा.

यासीनभाईंनी तो उचलला. स्वतःच्या कानांना लावला, डोळे मिटले, जरा वेळ ऐकत राहिले. "चाचा, दोन्ही बाजू चालू आहेत."

"मग तुमचं कान तपासून घ्या," आबा म्हणाले.

मी कपाळ काउंटरवर टेकवलं. काच गार होती, तेवढंच बरं वाटलं.

या गोष्टीला नऊ वर्षं झाली. मी तेव्हा एकवीस वर्षांची होते, कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला. मिरजेत तंतुवाद्यांची गल्ली आहे. तिथे दारादारात भोपळे सुकत पडलेले असतात आणि आत कुणीतरी एकच तार पुन्हा पुन्हा छेडून तिची समजूत काढत असतं. त्या गल्लीच्या तोंडाशी यासीनभाईंचं दुकान होतं. त्यांच्या आजोबांनी सतारी घडवल्या, थोरले चाचा शेजारच्या गाळ्यात अजून घडवत होते आणि यासीनभाई मात्र टीव्हीवर खेळायच्या खेळांची कन्सोलं विकत होते. मधली भिंत एकच. इकडे गोळीबार, तिकडे षड्ज.

माझा खेळ किल्ला राखायचा. आम्ही चौघी मुली, चार गावांत राहणाऱ्या, एकमेकींना फक्त आवाजानं ओळखणाऱ्या. त्या खेळात शत्रू दिसायच्या आधी ऐकू येतो. डावीकडच्या जिन्यावर पाऊल वाजतं, उजवीकडे कडी सरकते, मागच्या तळ्यात कुणीतरी हळूच उतरतं. जिला बाजू कळली ती वाचली. येत्या रविवारी आमचा जिल्ह्याचा सामना होता आणि दुकानात आलो त्याच्या आदल्याच दिवशी माझा हेडसेट आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, तोडला होता.

मुद्दाम नव्हे. मी टीव्हीसमोर बसलेले, हेडसेटची वायर खोलीभर आडवी. आबा स्वयंपाकघरातून चहा घेऊन आले, माझ्या अंगावरून पुढे निघाले. "आबा, वायर," मी म्हणाले. ते चालत राहिले. "आबा, वायर आहे." ते तसेच चालत राहिले आणि वायरीसकट पुढे गेले. पिन आत मोडली, चहा कॅलेंडरवर गेला, चैत्राचा पहिला पंधरवडा भिजला.

"वराडायचं न्हाई व्हय?" ते म्हणाले.

"दोनदा ओरडले."

"वराडली असतीस तर ऐकलं नसतं का मी? गुडघा वळंना झालाय म्हणून अडकलो." मग जरा वेळानं, सांडलेलं पुसता पुसता म्हणाले, "उद्या बिनवायरीचा घिऊ. मी येतो संगं. आवाजाच्या वस्तूतलं तुला काय कळतंय?"

आवाजाच्या वस्तूतलं आबांना कळत होतं, हे खरं. शिदराम ढोलकीवाले म्हटलं की आमच्या भागातल्या पंचवीस गावांच्या जत्रांत माणसं जागा धरून बसायची. अनुसाक्कांच्या कलापथकात ते तीस वर्षं वाजवत होते. गौळण असो, भारूड असो, कंबरेला ढोलकी बांधून उभे राहायचे, आणि त्यांच्या डाव्या अंगाला अनुसाक्का. ही जागा ठरलेली. देवळात देव हलवत नाहीत तशी ती जागा कुणी हलवत नसे. माझं नावसुद्धा त्यांनी गौळणीतूनच उचललेलं, चंद्रावळ. शाळेत बाईंनी त्याची चंद्रा केली, पण खेळातलं माझं नाव मी अख्खं ठेवलं होतं.

पण गेलं वर्षभर ढोलकी खुंटीवर होती. आधी तिचं डावं पान, म्हणजे घुमणाऱ्या बाजूचं कातडं, त्यांनी तीनदा बदलून घेतलं. हल्ली चांगलं कातडंच मिळत नाही म्हणाले. मग गुडघा धरला. उभं राहून वाजवणं झेपत नाही, म्हणाले आणि अनुसाक्कांना प्रत्येक जत्रेला नकार देत राहिले. सकाळीच आक्कांचा फोन आला होता, त्यांचा फोन घरभर ऐकू येतो.

"शिदू, शुक्रवारी आपल्या गावची जत्रा हाय. पाच वाजंस्तवर सांग. न्हाई म्हणलास तर तुज्या जागी दुसरा उभा करते. मग परत मागायची न्हाई."

पथकात तशी रीतच होती. एकदा जागा दिली की दिली.

निघताना आईनं मला दारात गाठलं. तिच्या हातात अंगणवाडीची पिशवी होती. ती हळू आवाजात म्हणाली, "हेडसेट आज न्हाई मिळाला तर उद्या मिळंल. ह्यांचा होकार आजच पायजे. बघ काय जमतंय का. खुंटीकडं बघत जेवतोय गं माणूस."

मी मान हलवली, पण मनात माझा वेगळा रुसवा होता. दिवाळीत आम्ही एसटीनं आत्याकडे निघालो होतो, तेव्हा खिडकीशी बसलेल्या आबांना मी शेजारून सांगितलं होतं, 'आबा, मला संघाची कॅप्टन केलंय.' ते बाहेर बघत राहिले होते. हूं नाही, की चूं नाही. ऊस बघत होते. तेव्हापासून माझ्या खेळाचं मी त्यांना काही सांगत नसे.

तर पहिला हेडसेट असा बाजूला गेला. यासीनभाई निमूटपणे तो खोक्यात परत भरू लागले. "नापसंत तर नापसंत. पण कारण दुसरं काही असेल तर सांगा चाचा, बाजू चालू आहेत याच्या."

"हाय की दुसरं," आबा म्हणाले. "त्यो गडी टीव्हीत पाऊल टाकतोय आणि आवाज मागनं येतोय. घरच्या म्हशीसारखा. ठेक्यात न्हाई."

यासीनभाईंचे हात थांबले. "मागून येतोय?"

"आता मघाशी बघा. पाऊल, मग थप. पाऊल, मग थप. पाऊल आणि थप एकदम पायजे की न्हाई?"

यासीनभाई माझ्याकडे वळले. त्यांचा चेहरा उजळला होता. "ताई, हा मोबाइलला चालतो तोच ब्लूटूथचा. मधे एक जोड लावून कन्सोलला लावलाय. आवाज किंचित उशिरा पोचतो, डोळ्याची उघडझाप व्हायला लागतो तेवढा वेळसुद्धा नाही. लोक महिनाभर व्हिडिओ बघून येतात, त्यांना नाही कळत. चाचांना इथं उभ्या उभ्या कळलं."

"तीस वर्षं तेच करतोय," आबा म्हणाले, पण खूश झाले. एक स्टूल ओढून बसले. गुडघ्यासाठी हळूच, आठवण आल्यासारखे.

दुसरा आला. त्याच्याबरोबर नखाएवढा एक तुकडा होता, तो कन्सोलमध्ये खोचायचा. मग आवाज वाटेत कुठे रेंगाळत नाही. आबांनी तो घातला, पडद्यावरच्या गड्याला चालवायला लावलं आणि मान डोलावली. "हा ठेक्यात हाय." पुन्हा ऐकलं. "पण ह्याचीबी एक बाजू बंद."

"आबा, असं कसं होईल?"

"डावी बंद हाय. आमच्या वाटंला बरं येतंय सगळं."

"उलटसुलट घातला असेल. डाव्या कानाची खूण डाव्या कानाला लागते."

त्यांनी तो काढला, फिरवला, उलटा घातला. कपाळाला आठ्या पडल्या. मग म्हणाले, "आता उजवी बंद पडली ह्याची. मघाशी चालत होती."

मी हसले. मला खरंच हसू आलं, आबांच्या तोऱ्याचं. कोरा हेडसेट, मघाशी डावी बाजू बंद, आता उजवी बंद, आणि आबा दुकानदाराकडे असं बघत होते की तक्रार लिहून घ्या. यासीनभाई मात्र हसले नाहीत. ते आबांकडे जरा वेळ बघत राहिले, मग त्यांनी भिंतीवरच्या मोठ्या टीव्हीचा आवाज बारीक केला. दुकान एकदम मोठं वाटायला लागलं. पलीकडची तार ऐकू यायला लागली.

"तिसरा बघू," ते म्हणाले. "ताई, आधी तुम्ही. बोलून बघा. संघाला तुमचा आवाज कसा जाईल ते ऐकवतो."

तिसरा हलका होता. कानातल्या कुड्या टोचत नव्हत्या, वेणी अडकत नव्हती. तोंडापुढे बोटाएवढा माइक होता. काय बोलावं ते सुचेना, म्हणून लहानपणापासून कानात बसलेली अनुसाक्कांची गौळण मी धरली.

डाव्या हाताला नदी गं, उजव्या हाताला गाव,
मधे उभी मी गौळण, कुठनं घेतलंस नाव?

गाता गाता बघितलं तर आबांची बोटं काउंटरच्या काचेवर ठेका धरत होती. सवयीनं. पण फक्त उजव्या हाताची. डावा हात मांडीवर पालथा पडला होता, झोपलेल्या जनावरासारखा.

यासीनभाईंनी माझा आवाज मला परत ऐकवला. स्वच्छ, जवळचा, तांब्यात बोलल्यासारखा नव्हे. "हाच घ्यायचा," मी म्हणाले.

"थांबा. माझ्या दुकानात एक परीक्षा असते, ती झाल्याशिवाय मी विकत नाही." त्यांनी कन्सोलवर काहीतरी सुरू केलं. "एक माणूस तुमच्याभोवती चालतोय. डोळे मिटा आणि तो जिथे असेल तिथे बोट दाखवा."

मी डोळे मिटले. तो माझ्या उजवीकडून आला, पाठीमागून गेला, डाव्या खांद्याशी क्षणभर थांबला, पुढे झाला. पानं चुरगळत चालल्यासारखी पावलं होती. मी बोट दाखवत गेले. डोळे उघडले तर यासीनभाई म्हणाले, "एकदाही चुकला नाहीत."

"दे हिकडं," आबा म्हणाले. "तीस वर्षं अंधारात ठेका दिलाय आम्ही. दे."

त्यांनी हेडसेट घातला, पाठ ताठ केली, डोळे मिटले आणि हात वर केला. पडद्यावर छोटासा माणूस गोल फिरत होता. तो उजवीकडे आला, आबांचं बोट उजवीकडे गेलं. मागे गेला, बोट खांद्यावरून मागे गेलं. अगदी बरोबर. मग तो डावीकडे आला.

आबांचा हात खाली आला, मांडीवर टेकला.

"थांबला," ते म्हणाले.

पडद्यावरचा माणूस चालत होता. डावीकडे, रपारपा चालत होता.

"आबा, चालतोय तो."

ते डोळे मिटूनच बसले होते. चेहऱ्यावर वाट बघणाऱ्याचं हसू. "कुठं चालतोय? थांबलाय लेकाचा. दम खातोय." माणूस फिरून पुन्हा उजवीकडे आला, तसं बोट टुणकन वर गेलं. "हा बघ, निघाला."

मला कालचा चहा आठवला. 'आबा, वायर.' मी त्यांच्या कोणत्या हाताला बसले होते, तेही आठवलं.

यासीनभाई काउंटरच्या बाहेर आले. वडीलधाऱ्याच्या डोक्यावरचा फेटा उतरवावा तसा दोन्ही हातांनी त्यांनी तो हेडसेट उचलला, फिरवला आणि उलटा करून पुन्हा आबांच्या डोक्यावर ठेवला. "चाचा, परत एकदा. डोळे मिटूनच."

माणूस डावीकडून चालू लागला. आबांचं बोट उजवीकडे गेलं.

"हा तर हिकडनं आला."

"हा तोच चाचा. मघाशी थांबला होता ना, तोच. डावीकडचाच आहे. मी फक्त तुमच्या उजव्या कानात दिला."

आबांनी डोळे उघडले. पडद्याकडे बघितलं. हेडसेट स्वतःच्या हातांनी काढला, सरळ घातला, ऐकलं. काढला, उलटा घातला, ऐकलं. पुन्हा सरळ. मग दुसरा हेडसेट मागून घेतला आणि त्याचंही तसंच केलं.  पलीकडे थोरले चाचा तार चढवत होते, ती चढत चढत एका ठिकाणी नेमकी बसली आणि थांबली.

मला वाटलं, आता यांना इथून हळूच बाहेर न्यावं. आईला काय सांगायचं, तेही जुळवायला लागले. खांद्याला हात लावावा म्हणून पुढे झाले तर आबा म्हणाले, "यासीन, तुज्या चाचाकडं ढोलकी हाय का रं एखादी?"

"ढोलकी?"

"असंल तर आण. जुनी असली तरी चालंल."

यासीनभाई गेले आणि ढोलकी घेऊन आले. कडीला कुणाच्या तरी नावाची चिठ्ठी बांधलेली, दुरुस्तीला आलेली असावी. आबा उभे राहिले. स्टुलाला न धरता, एका झटक्यात. ढोलकीची दोरी कंबरेला आवळली. उजव्या हाताची दोन बोटं टिणकन वाजली, आणि मग डावा तळवा पडला. दुकानातल्या काचा हलल्या. खोक्यांच्या चळतीवरून धूळ उडाली.

"घुमतंय का?" त्यांनी मला विचारलं.

"घुमतंय आबा."

"खरं सांग."

"काचा हलल्या की."

"तू माझी लेक. तू तर म्हणणारच." ते ढोलकीकडे बघत म्हणाले, मला नव्हे, तिला सांगितल्यासारखं. "वरीस झालं. माझा डावा हात मला ऐकू येत न्हाई. पान बदललं, वादी आवळली, तेल दिलं. मारतोय, मारतोय, घुमतच न्हाई. म्हणलं, हातातला जीव गेला. म्हातारपण आधी डाव्या हातात शिरलं. असल्या हातानं अनुसाच्या संगं उभा ऱ्हाऊन तिचं गाणं मारू व्हय? म्हणून खुंटीला लावली."

"आणि गुडघा?"

"गुडघ्याला काय धाड भरलीया?"

यासीनभाईंनी तोंड फिरवलं, त्यांचे खांदे हलत होते. मला हसावं की रडावं कळेना. मी काउंटरवरचा तिसरा हेडसेट उचलला.

"यासीनभाई, याच्यात माझं गाणं घेतलंत तसं आबांचं वाजवणं घेता येईल?"

"का नाही?"

मी हेडसेट आबांच्या गळ्यात अडकवला, माइक ढोलकीच्या बरोबर मधे येईल असा वळवला. "वाजवा. मी म्हणते." आणि मी गौळण धरली. त्यांनी एक आवर्तन वाजवलं, मग दुसरं. तिसऱ्याला डावा हात बिचकत बिचकत पुढे आला. यासीनभाईंनी खूण केली, झालं. आबांनी हेडसेट गळ्यातून काढून कानांना लावला आणि आम्ही दोघं त्यांच्या तोंडाकडे बघत उभे राहिलो.

ते ऐकत होते. चेहरा हलेना. मग हळूहळू पडत गेला.

"पोरीचा आवाज येतोय," ते म्हणाले. "ढोलकी न्हाईच ह्याच्यात. उजवीबी न्हाई, डावीबी न्हाई."

मी त्यांच्या कानावरून हेडसेट ओढून घेतला. खरंच होतं. माझी गौळण, अगदी स्वच्छ, आणि तिच्यामागे नुसती शांतता. ढोलकी कुणी वाजवलीच नव्हती जणू.  वर्षभर त्यांना जे वाटत होतं, ते आता यंत्रानंही सांगितलं होतं.

"एक मिनिट," यासीनभाई म्हणाले. "ताई, चूक माझी. हा माइक शहाणा आहे जरा जास्त. माणसाचा आवाज तेवढा ठेवतो, बाकीचं सगळं गोंगाट म्हणून पुसून टाकतो. घरात मिक्सर चालू असला तरी पलीकडच्याला कळू नये म्हणून."

आबांनी त्यांच्याकडे रोखून बघितलं. "माजी ढोलकी गोंगाट?"

"त्याला वाटली, चाचा. मला नाही."

"मिक्सर?"

"बंद करतो त्याचा शहाणपणा." यासीनभाईंनी कन्सोलवर कुठेतरी आत आत जाऊन एक खूण काढून टाकली. "आता घ्या. आणि राग आला असेल तर तोही वाजवा."

राग आलाच होता. आबांनी ढोलकी अशी धरली की गल्लीतले दोघे-तिघे दारात येऊन उभे राहिले. मी गायले, ते वाजवत गेले. नदीवर बारीक बोटं, गावावर घुमारा, 'कुठनं घेतलंस नाव'ला एक मोकळी थाप आणि त्यानंतर तो छोटासा थांबा, ज्याच्यासाठी बायका पदर तोंडाला लावून हसायच्या. मधेच माझं गाणं संपलं, ते वाजवतच राहिले.

मग त्यांनी ढोलकी काउंटरवर उतरवली, स्टुलावर बसले आणि पुन्हा हेडसेट लावला.

माइक एकच, म्हणून दोन्ही हातांचा आवाज आता एकत्र होता, दोन्ही कानांत सारखाच येत होता. म्हणजे त्यांच्या उजव्या कानात सगळंच पोचत होतं. ते ऐकू लागले. आधी मान हलली. मग मांडीवरचा डावा हात वर आला आणि हवेत, जिथे घुमारा पडत असणार तिथे, बरोबर तिथे, पडायला लागला. एकदा. पुन्हा. पुन्हा. त्यांचा ओठ जरासा मुडपला.

"हाय," ते म्हणाले. कानांवर हेडसेट असलेल्या माणसासारखे, गरजेपेक्षा मोठ्यानं. "डावा हाय की अजून."

दारातल्या एकानं काय झालं म्हणून विचारलं. आबांनी त्याला सांगितलं, "काय न्हाई. कान गेलाय एक." आणि असे हसले, की समोरच्याला वाटावं लॉटरीच लागली.

यासीनभाई म्हणाले, "चाचा, कान डॉक्टरला दाखवा. टाळू नका."

"दाखवतो की. त्यात काय." त्यांनी खिशातून फोन काढून माझ्या हातात दिला. "किती वाजलं?"

"पाचाला वीस कमी."

"आक्काला लाव."

फोन त्यांनी उजव्या कानाला धरला. तसं ते कायमच धरत असावेत, माझं कधी लक्ष गेलं नव्हतं. आक्कांचा आवाज नेहमीसारखा बाहेर सांडत होता.

"बोल शिदू. पेन घिऊन बसलेय. काट मारू तुज्यावर?"

"मारू नको. येतो मी."

पलीकडे पेन खाली ठेवल्याचं ऐकू आलं. मग, "गुडघा?"

"गुडघा बरा झाला. कान गेला."

"काय बडबडतोयस? मिरजंला जाऊन काय पिलास?"

"अगं, डाव्या कानानं ऐकू येईना झालंय मला. तू शेवटी शेवटी डाव्या अंगाला उभी ऱ्हाऊन काय म्हणत हुतीस, देवाला ठावं. आता एक कर. शुक्रवारी उजव्या अंगाला उभी ऱ्हा."

 तीस वर्षांची जागा होती ती. यासीनभाईसुद्धा हातातलं खोकं तसंच धरून उभे होते.

"उजव्या अंगाला उभी ऱ्हायले," आक्का शेवटी म्हणाल्या, "तर लोकं म्हणतील, शिदू-अनुसाचं भांडण झालं."

"म्हणू दे की."

"आणि तुजी उजवी बोटं कानाशी टिणटिण वाजणार माझ्या."

"वाजू दे की."

"न्हाई, आपलं सांगून ठेवते." मग आवाज जरा उतरला, इतका की मला नीट ऐकू आला नाही. आबा ऐकत होते. "व्हय," ते म्हणाले. "व्हय. मलाबी." आणि फोन बंद केला. आक्का काय म्हणाल्या ते मी पुढे दोन-तीनदा विचारलं, त्यांनी कधी सांगितलं नाही.

हेडसेट आम्ही तिसराच घेतला. आबांना त्या माइकचा राग होता, पण ठेक्यात होता, हलका होता, आणि यासीनभाईंनी त्याचा शहाणपणा चालू-बंद कसा करायचा ते त्यांना दोनदा दाखवलं होतं. खोकं आबांनीच काखेत धरलं. दुकानातून निघताना ते थोरल्या चाचांच्या गाळ्यात डोकावले, ढोलकी बरी आहे, वादी तेवढी बदला, म्हणाले, आणि स्टँडकडे असे चालू लागले की मला पळावं लागलं.

शुक्रवारी आक्का उजवीकडे उभ्या राहिल्या. लोकांना वाटायचं ते वाटलं. रविवारी आम्ही सामना हरलो, थोडक्यात हरलो, त्यात हेडसेटची काही चूक नव्हती. पण मला जास्त आठवतो तो दुकानातून निघालो त्या संध्याकाळचा परतीचा प्रवास.

एसटी अर्धी रिकामी होती. आबा नेहमीप्रमाणे खिडकीशी बसले, मी नेहमीप्रमाणे त्यांच्या डावीकडे. गाडी सुटली. बाहेर ऊस सुरू झाला. दोन थांबे गेले असतील, आबा उठले.

"काय झालं?"

"सरक. तू बस खिडकीशी."

"तुम्हाला खिडकी लागते."

"सरक म्हणतो तर." मला खिडकीशी ढकलून ते माझ्या जागी बसले. आता मी त्यांच्या उजवीकडे होते. खोकं त्यांनी मांडीवर घेतलं, त्याच्यावर दोन्ही हात ठेवले, डावा थोडा वर. "हां. आता सांग."

"काय सांगू?"

"वरीसभर त्या बाजूला बसून बडबडत हुतीस की. मला वाटायचं पोरगी गप झाली, मोठी झाली. काय काय बोललीस एवढं? पहिल्यापासनं सांग."

मी बाहेर बघितलं. खिडकीशी बसलं की ऊस खरंच बघावासा वाटतो.

"मी कॅप्टन झाले," मी म्हणाले.

"कसली?"

"आमच्या संघाची. चौघींची."

"कवा?"

"दिवाळीत."

आबा पूर्ण वळून माझ्याकडे बघायला लागले. पुढच्या सीटवरच्या बाईनंही मागे वळून बघितलं, इतका त्यांचा आवाज चढला.

"आणि हे मला आज सांगतीस?"